पाचव्या फवाऱ्याची बाटली

नागपूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून मजकूर थोडक्यात माझ्या शब्दांत देते.

सहा एकर वावर, एक विहीर. चार एकरांत पऱ्हाटी म्हणजे कपाशी, बाकीच्यात सोयाबीन आणि तूर. घरात नवरा, सासरे, बारा वर्षांचा मुलगा आणि लहान मुलगी. हिशेबाची वही ताई लिहितात. फवाऱ्याच्या दिवशी औषध कालवायचं काम त्यांचं आणि पंपाजवळ पाणी आणून द्यायचं काम मुलाचं. गेल्या वर्षी नऊ फवारे झाले, तरी दिवाळीनंतरच्या वेचणीत कवडीच (किडका, डागी कापूस) फार निघाली. यंदा पोळ्यापर्यंत चार फवारे झाले आहेत. पोळ्याच्या दोन दिवस आधी पऱ्हाटीत डोमकळ्या (गुलाबी बोंडअळीने आतून मिटवलेली फुलं) दिसल्या आणि नवऱ्याने कृषी केंद्रातून उधारीवर पाचव्या फवाऱ्याची बाटली आणली. दुकानदार म्हणाला, "जुनी औषधं आता चालत नाहीत, हे स्ट्राँग आहे, डोस थोडा वाढवूनच मारा." सासऱ्यांच्या मते औषधात आता राम उरला नाही, पण पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवायचीच, कारण फरदडीच्या, म्हणजे हंगामानंतरही उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीच्या, पैशातून पोरांची शाळा आणि पुढच्या हंगामाचं बियाणं निघतं. शेजाऱ्याचा सल्ला आहे, पुढच्या वर्षी चोरबीटी (मान्यता नसलेलं बीटी बियाणं) लावा. ताई विचारतात, "औषध खोटं असतं का, की अळीच मरेनाशी झाली? बाटली मारू द्यावी का? कपाशीच सोडावी का? आणि मी हे घरात बोलू कशी? वावरातलं बायकांना काय कळतं, असं लगेच ऐकावं लागतं." सोबत वहीच्या दोन पानांचा फोटो आहे, एक गेल्या वर्षीचं आणि एक यंदाचं.

ताई,

अळीचं नंतर बोलू. आधी मुलाचं. तुम्ही ते वाक्य सहज लिहून गेलात, पण मी तिथेच थांबले. बारा वर्षांच्या पोराला फवाऱ्याच्या दिवशी वावरात नेऊ नका, पंपाजवळ तर नकोच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. पऱ्हाटी त्या वर्षी छातीएवढी वाढली होती, हवा दमट होती, औषधांची मिसळ अंगावर उडत होती आणि अंगात साधा सदरा. हे सगळं आपल्याच विदर्भात झालं. माझ्या वडिलांनाही काटोलकडच्या आमच्या वावरात एकदा फवारताना भोवळ आली होती. घरी सगळे म्हणाले, ऊन लागलं. ते ऊन नव्हतं, हे मला फार वर्षांनी कळलं.

तुम्ही औषध कालवता, तर कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क घ्या. काठीने ढवळा, हात घालू नका. नवऱ्याला पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, बूट आणि चष्मा लागतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारायचं नाही, भर उन्हात नाही, आणि फवारा चालू असताना खर्रा (तंबाखू-सुपारी) तोंडात टाकायचा नाही. औषधाचा हात, खर्रा आणि तोंड, एवढा रस्ता विषाला पुरतो. कपडे वेगळे धुवा. घाम सुटणं, लाळ गळणं, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, छातीत घरघर यांतलं काहीही दिसलं तर लिंबूपाणी देत बसू नका. माणसाला सरळ दवाखान्यात न्या आणि बाटली सोबत घ्या. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय डॉक्टरला नेमका उपाय ठरवता येत नाही.

आता तुमची वही. मी ती दोनदा वाचली, आणि वावरातलं बायकांना काय कळतं याचं उत्तर त्याच पानांवर आहे. तुम्ही बाटलीच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरातलं तांत्रिक नावही उतरवून घेतलंय. फार थोड्या घरांत हे होतं. त्या बारीक नावांवरून गेल्या वर्षीची सगळी गोष्ट सांगता येते.

पहिला फवारा पेरणीनंतर पंचविसाव्या दिवशी, इमिडाक्लोप्रिडचा. दुसरा असिटामिप्रिडचा, तिसरा थायमेथोक्झामचा. तीन दुकानी नावं, तीन रंगांची पाकिटं, पण तिन्ही औषधं एकाच गटातली. तिन्ही तुडतुड्याच्या (पानातला रस शोषणाऱ्या किडीच्या) मज्जातंतूवर एकाच ठिकाणी घाव घालतात. एकाला न मरणारा तुडतुडा बहुतेक तिन्हींना मरत नाही. शिवाय तुमच्या पाकिटातलं बियाणं मुळातच त्याच गटातल्या औषधाने माखलेलं होतं. म्हणजे रोप उगवल्यापासून दीड-दोन महिने तुमच्या वावरातल्या तुडतुड्यांना एकच विष चारदा मिळालं.

चौथ्या फवाऱ्याला प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनची तयार मिसळ. त्यानंतर बाराव्या दिवशी तुमच्याच अक्षरात "पांढरी माशी फार" अशी नोंद आहे, आणि पुढचे दोन फवारे त्या माशीवर खर्च झालेत. हे योगायोगाने झालं नाही. सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं लवकर मारली की ढालकिडा, क्रायसोपा, कोळी हे आपले राखणदार आधी मरतात आणि पांढऱ्या माशीला मोकळं रान मिळतं. त्या चौथ्या फवाऱ्याने पाचवा आणि सहावा ओढून आणला.

यंदाच्या पानावर पाचव्या बाटलीचं तांत्रिक नाव तुम्ही लिहिलंय, ते पुन्हा बघा. प्रोफेनोफॉस अधिक सायपरमेथ्रिन. गेल्या वर्षीचा चौथा फवारा तोच होता, फक्त बाटलीवरचं चित्र वेगळं. दुकानदार ज्याला नवीन आणि स्ट्राँग म्हणतो, ते तुमच्या वावराने आधीच पाहिलंय. सील फोडू नका. ती बाटली सीलबंद आहे तोवर परत जाऊ शकते किंवा दुसऱ्या मालावर बदलून मिळू शकते, एकदा फोडली की ती तुमच्या उधारीत बसली.

औषध खोटं असतं का, असं तुम्ही विचारलंय. बोगस औषधं बाजारात आहेत, म्हणून बिल घ्यायचं आणि बाटलीवरचा बॅच नंबर बिलावर लिहून घ्यायचा. पण औषध अस्सल असूनही अळी वाचते, हे जास्त वेळा घडतं. त्याची दोन कारणं आहेत आणि दोन्हींचा डोसशी संबंध नाही.

पहिलं कारण अळीच्या राहणीत आहे. गुलाबी बोंडअळीची मादी फुलांवर, पात्यांवर (कळ्यांवर) आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी बारीक असते आणि थोड्याच वेळात बोंडात शिरते. मागचं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार, आत ती सरकी खात बसलेली. आता वरून एक पंप मारा की दोन, डोस दुप्पट करा की तिप्पट, तिच्या अंगाला थेंब लागत नाही. तुमच्या सासऱ्यांना औषधात राम दिसत नाही, कारण औषध बोंडाच्या बाहेर आहे आणि अळी आत.

दुसरं कारण म्हणजे जिला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो ती. गावात म्हणतात, अळीला औषधाची सवय झाली. सवय दारूची होते तशी अळीला होत नाही, तिचं अख्खं आयुष्य महिनाभराचं. तुम्ही घरी दुधी भोपळ्याचं बी राखता ना? चांगल्या वेलावरचं एक फळ वाळवून ठेवायचं, तेच पुढच्या वर्षी लावायचं, आणि चार-पाच वर्षांत परसात त्याच जातीचे वेल. आपण अळीचंही तेच केलंय. हजारो अळ्यांत एखादी निसर्गतःच न मरणारी असते. फवारा झाला, बाकीच्या मेल्या, ती उरली. तिचंच बी राखलं गेलं. पुन्हा तेच औषध, पुन्हा तीच उरली. चांगल्या बियाण्याला लागतात तेवढी वर्षंही अळीला लागत नाहीत, तिच्या एका हंगामात तीन-चार पिढ्या होतात.

बीटी कपाशीचं, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाड स्वतःच तयार करतं त्या कपाशीचं, नेमकं हेच झालं. २००२ साली एका विषाचं बीटी आलं, २००६ साली दोन विषांचं. हिरव्या अमेरिकन बोंडअळीने नव्वदीच्या दशकात माणसं उद्ध्वस्त केली होती, ती बीटीने आवरली आणि अजूनही बरीचशी आवरलेली आहे. म्हणून बीटी फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. पण गुलाबी अळी २००९-१० च्या सुमारास सौराष्ट्रात पहिल्या विषाला जुमानेनाशी झाली, पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही, आणि २०१७ ला विदर्भाने तिचा तडाखा पाहिला.

हे टाळण्यासाठीच बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी मिळायची. ती धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने लावायची होती. तिथे वाढलेले साधे पतंग या न मरणाऱ्या पतंगांशी जुळले की पिल्लं बीटीवर मरणारी निघतात, कारण हा न मरण्याचा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच पिल्लू वाचतं. आपण ती पुडी फेकली. आमच्याही घरी ती पुडी कोनाड्यात पडून राहिली होती. ती लावून काय मिळतं हे कोणी नीट सांगितलं नव्हतं, आणि आतलं बियाणंही अनेकदा मुख्य वाणाशी न जुळणारं असायचं. दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हता. हिरव्या अळीला तूर, हरभरा, टमाटर असं कितीतरी खायला असतं, त्यामुळे तिच्यात साध्या पतंगांचा तुटवडा पडला नाही. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. तिला बीटीशिवाय दुसरं ताट आपण ठेवलंच नाही. त्यात आपले वाण सहा-सात महिने चालणारे, शेवटी शेवटी झाडातलं विष कमी होत जाणारं, आणि संकरित असल्याने एकाच बोंडातल्या काही सरकीत विष पूर्ण, काहीत अपुरं. न मरणारी अळी घडवायला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

आता या आठवड्याचं. तुम्ही डोमकळ्या पाहिल्यात म्हणजे अळी फुलांपर्यंत आलीय, बोंडांचा हंगाम अजून पुढे आहे. हीच तिला अडवायची वेळ. आधी मोजा. वावरातून तिरपं चालत जा आणि शंभर फुलं बघा. पाकळ्या आतून रेशमाने चिकटलेल्या, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल म्हणजे डोमकळी. दिसली की तोडून पिशवीत टाका, मातीवर फेकू नका, आत अळी जिवंत असते. वावराबाहेर नेऊन जाळा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. शंभरात दहापेक्षा कमी निघाल्या तर हे तोडणं आणि निंबोळी अर्क यावर हा आठवडा निभावतो. जूनमध्ये निंबोळ्या वेचून ठेवल्या असतील तर पाच किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, थोडा कपड्याचा साबण घालून शंभर लिटर पाणी करा. नसतील तर दुकानात तयार कडुनिंबाचं औषध मिळतं.

कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासाच्या गोळीने नर पतंगाला ओढणारे सापळे. नुसतं बघायला एकरी दोन पुरतात, पतंग पकडून संख्या कमी करायची तर एकरी आठ. आतली गोळी गुलाबी अळीचीच आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. हिरव्या अळीची गोळी वेगळी असते आणि ती लावून महिनाभर रिकामे सापळे पाहणारी माणसं मला भेटली आहेत. सापळा पऱ्हाटीच्या शेंड्यापेक्षा वीतभर उंच हवा, पऱ्हाटी वाढली की तोही वर सरकवायचा. रोज सकाळी पतंग मोजा, वहीत लिहा, मग सापळा रिकामा करा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग पडले तर फवाऱ्याचा विचार करायचा.

आणखी दहा-पंधरा दिवसांनी बोंडं मोठ्या सुपारीएवढी झाली की दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं तोडून फोडा. वरून निरोगी दिसणारीच निवडा. आत लहान अळी पांढरी असते, मोठी झाली की गुलाबी होते, दोन्ही मोजा. वीसात दोन जिवंत निघाल्या की फवारा करा. एकही नसेल तर त्या आठवड्याचा फवारा वाचला.

आकडा ओलांडला तर काय मारायचं? एका वेळी एकच औषध. सप्टेंबर-ऑक्टोबरात एकटं प्रोफेनोफॉस किंवा थायोडीकार्ब, आणि पुढचा फवारा लागलाच तर वेगळ्या गटातलं. सायपरमेथ्रिन, फेनव्हलरेट, लॅम्बडा ही पायरेथ्रॉइड मंडळी पीक चार महिन्यांचं होईपर्यंत बाजूला. डोस बाटलीवर लिहिला असेल तोच. टॉनिक, बुरशीनाशक, विद्राव्य खत असं सगळं एका पंपात कोंबू नका. फवारा संध्याकाळकडे ठेवा, पतंग रात्री फिरतात. तुडतुडे दिसले तर आधी पानामागचे मोजा, एका पानाला दोन-तीन पिल्लं असतील तरच हात उचला, आणि इमिडाक्लोप्रिडच्या गटातलं काही न घेता फ्लोनिकामिडसारखं वेगळ्या गटातलं मागा. पानांच्या कडा लाल झाल्या की आपण लगेच लाल्या म्हणतो. तो कधी तुडतुड्यांचा असतो, कधी मॅग्नेशियम किंवा नत्राच्या कमतरतेचा. पान उलटल्याशिवाय कळत नाही, आणि न उलटता मारलेला फवारा पाण्यात जातो.

ट्रायकोकार्डांबद्दलही एक. एकरी तीन कार्डं पानांच्या खालच्या बाजूला टाचली की त्यातून निघणाऱ्या बारीक गांधीलमाश्या बोंडअळीच्या अंड्यांतच आपली अंडी घालतात. पण कडक औषध मारल्यावर आठवडाभर तरी कार्डं लावण्यात अर्थ नाही, नाहीतर आपणच आणलेले मित्र आपणच मारतो.

हे सगळं घरात कसं बोलावं, याचं मला वाटतं सोपं उत्तर आहे, पण सोपं म्हणून कमी कष्टाचं नाही. वाद घालू नका. मामाजींसमोर (सासऱ्यांसमोर) बोंडांची टोपली ठेवा आणि विळा त्यांच्या हातात द्या. त्यांनी जेवढी पऱ्हाटी पाहिली तेवढी मी नाही पाहिली, तुम्हीही नाही. वीस बोंडं ते स्वतः फोडतील, अळी आहे की नाही हे ते स्वतः बघतील. औषधाबद्दल त्यांनी आधीच बरोबर ओळखलंय, फक्त कारण वेगळं लावलंय. त्या माणसाला तुम्ही तुमच्या बाजूला घेऊ शकता. नवऱ्याशी पैशाच्या बाजूने बोला. त्याला तुमचा शहाणपणा दाखवू नका, वही दाखवा. चौथ्या फवाऱ्याचे किती आणि त्याने ओढून आणलेल्या दोन फवाऱ्यांचे किती, औषध, मजुरी, पाणी सगळं धरून.

दुकानदाराशी भांडायची गरज नाही. तो वाईट माणूस असेलच असं नाही, त्याची उधारी वसूल होण्यासाठी माल विकला जायला हवा, इतकंच. पण उधारीवर औषध घेणारा माणूस कोणतं औषध हे ठरवू शकत नाही. ज्याचे पैसे अडकलेत, त्याचा सल्ला तो ऐकतो. तुमच्या बचत गटातून सापळे आणि गोळ्या एकत्र रोखीने घ्या. चार-पाच घरांनी मिळून घेतल्यास भावही बरा पडतो. निदान एवढी खरेदी उधारीच्या बाहेर काढा.

आता फरदड. हा खरा अवघड भाग आहे, म्हणून इथे मी सावकाश लिहिते.

मामाजींचं चुकीचं आहे असं एका वाक्यात म्हणणं मला जमणार नाही. विहिरीला पाणी आहे, झाडं उभी आहेत, दोन पाणी दिले की एकरी थोडाफार कापूस मिळतो आणि तो अशा दिवसांत मिळतो जेव्हा घरात दुसरा पैसा नसतो. आमच्याही घरी फरदडीचाच कापूस विकून माझ्या शाळेचं सामान आलं. पण तेव्हा गुलाबी अळी अशी नव्हती. आज डिसेंबरनंतर उभी राहिलेली पऱ्हाटी म्हणजे अळीसाठी लावलेली पंगत. थंडीत ही अळी सरकीत, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून, सुप्त होऊन पडते. महिनोन् महिने तशीच राहते. पुढच्या पावसाळ्यात तिचे पतंग निघतात आणि तुमच्याच नव्या पिकावर येतात. मधे तीन-चार महिने शेतात कपाशीच नसेल तर त्यांतले बरेच पतंग अन्न न मिळता मरतात. फरदड ठेवली की ती साखळी तुटतच नाही. तुमच्या यंदाच्या डोमकळ्यांची आई गेल्या फेब्रुवारीत तुमच्याच किंवा शेजारच्या फरदडीत होती, याची मला जवळजवळ खात्री वाटते.

तरीही फरदड सोडा असं नुसतं सांगून मार्चमधलं रिकामं घर भरत नाही. म्हणून हिशेब मांडा. गेल्या वर्षी जानेवारीनंतर किती कापूस निघाला, त्यात कवडी किती, व्यापाऱ्याने भाव किती पाडला, वेचणीची मजुरी किती, पंपाची वीज किती. आणि एक रकाना जास्तीचा: त्या फरदडीमुळे पुढच्या हंगामात वाढलेले फवारे. हा शेवटचा रकाना कोणीच मांडत नाही, आणि फरदड फायद्याची दिसते ती तो न मांडल्यामुळेच. मग पर्याय बघा. विहीर आहे, तर डिसेंबरात पऱ्हाटी काढून फेब्रुवारीत उन्हाळी मूग किंवा भुईमूग घेता येतो. मूग साधारण दोन महिन्यांत हाती येतो आणि जमिनीलाही देऊन जातो. मामाजी ऐकत नसतील तर यंदा चारपैकी दोन एकर डिसेंबरअखेर मोकळे करा आणि दोन त्यांच्या मनाप्रमाणे ठेवा. अर्धवट उपायाने अळी अर्धवटच जाते हे मला माहीत आहे, पण घरातली कटुता टाळून पहिलं वर्ष असं गेलं तरी चालेल. दोन्हीकडच्या कापसाचं वजन आणि खर्च वहीत वेगवेगळे लिहा. पुढच्या डिसेंबरात बोलायला तुमच्याकडे स्वतःच्या वावराचा आकडा असेल.

पीक संपलं की उरलेली बोंडं शेळ्या-मेंढ्यांना चरू द्या. पऱ्हाटी उपटून यंत्राने तिचा चुरा करून जमिनीत मिसळता आली तर उत्तम. चुलीला हवी असेल, आणि आपल्याकडे ती हवीच असते, तर वाळलेलं एकही बोंड अंगावर न ठेवता झोडून मगच घरामागे रचा. धुऱ्यावरचा पऱ्हाटीचा ढीग मे महिन्यापर्यंत अजिबात नको. घरात भाव वाढायची वाट बघत साठवलेल्या कापसाचंही तेच. त्यातल्या सरकीत अळी असते. खोलीच्या दाराशी एक सापळा टांगून ठेवा, जूनच्या आत कापूस विकून खोली झाडून घ्या. लेकरांच्या अंगाला खाज सुटते ती थांबेल, तो वेगळा फायदा.

तुमच्या मनात पुढचा प्रश्न आलाच असेल की शेजाऱ्याने फरदड ठेवली तर आपण एकट्याने करून काय? पतंग उडतो, धुरा त्याला अडवत नाही, हे खरं आहे. अमेरिकेत २०१८ साली त्यांच्या कपाशीतून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्यामागे सगळ्या पट्ट्याने वर्षानुवर्षं मिळून केलेलं काम होतं. बीटी कपाशी लावणं, पऱ्हाटी वेळेत नष्ट करणं, मादीच्या वासाच्या दोऱ्या लावून नराला चकवणं आणि नपुंसक पतंग सोडणं, एवढं सगळं. त्यांची शेतं हजार एकरांची आणि आपली सहाची, तुलना सरळ नाही. पण तुमच्या चारी बाजूंच्या धुरेकऱ्यांशी बोलणं अशक्य नाही. सीतादहीला पहिली वेचणी होते, त्या दिवशी आसपासच्या बाया एकमेकींच्या वावरात असतात. तेव्हा विषय काढा. बाया काढतील तर पुरुषांच्या बैठकीपेक्षा लवकर पोचेल, असा माझा अनुभव आहे. कृषी सहायकांना गावात शेतीशाळा घ्यायला सांगा. पऱ्हाटीवरच्या किडींची नोंद ठेवणं हे क्रॉपसॅप या किडींवर नजर ठेवण्याच्या सरकारी प्रकल्पाखाली त्यांचं कामच आहे. आणि वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आपल्या नागपुरातच आहे. लोक दुरून तिथे येतात, आपण बसने तिच्यावरून जातो. एकदा नवऱ्याला घेऊन जा, फोडलेली चार बोंडं सोबत घेऊन.

चोरबीटीचं थोडक्यात सांगते. त्यात तणनाशक सहन करायचा गुण घातलेला असतो, गुलाबी अळीशी त्याचा काही संबंध नाही. त्याला मान्यता नाही, बिल मिळत नाही, उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करणार? निंदणाचे पैसे वाचतात हे आकर्षण मला कळतं. अळीसाठी मात्र ते घेऊ नका. कपाशी पूर्ण सोडून सगळीकडे सोयाबीन पेरायचा विचारही आत्ता नको. सोयाबीनला चक्रीभुंगा आणि खोडमाशी आहेच, शिवाय भावाचं तुम्ही जाणता. चाराऐवजी तीन एकर पऱ्हाटी आणि त्यात तुरीच्या ओळी, असं एखादं वर्ष करून बघता येईल.

पुढच्या हंगामासाठी दीडशे-एकशेसाठ दिवसांत आटोपणारा वाण शोधा, म्हणजे डिसेंबरात काढताना हात थरथरणार नाही. पानांवर लव असलेला वाण तुडतुड्यांना कमी बळी पडतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे आणि नागपूरच्या संस्थेचे सरळ वाणही बघा, त्यांचं बी घरी राखता येतं. हल्ली नॉन-बीटी बियाणं पाकिटात मिसळूनच येतं, ते निवडून फेकायचं नाही. मृगाच्या आधी विहिरीच्या पाण्यावर पेरणी करायचा मोह टाळा. जूनमध्ये निघालेल्या पतंगांना अंडी घालायला पात्या-फुलं मिळाली नाहीत तर ते तसेच मरतात, आणि लवकर पेरलेलं वावर त्यांना नेमकं तेच पुरवतं.

जूनमध्ये नवी वही घ्याल तेव्हा पहिल्या पानावर बियाण्याचं बिल चिकटवा आणि खाली लॉट नंबर लिहा. पेरणीच्या तारखेची जागा मात्र मोकळी सोडा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून वावर खोलवर भिजलं की ती मामाजींना विचारून भरा.